राहून गेलेली शुश्रूषा

चुकीचे औषध दिले तर चौकशी होते. पण रुग्णाची कूस बदलायची राहिली, तर कोण विचारतो? अमेरिकेतील बिॲट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये अशा राहून जाणाऱ्या नऊ बाबी दाखविल्या. भरवणे, चालवणे, धीर देणे या त्यांपैकीच. प्रमुख कारण अपुरे मनुष्यबळ. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ च्या पाहणीत परिचारिकेमागे एक रुग्ण वाढताच शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

उलट, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत सेवा केली. ३७ वर्षांत एकही शय्याव्रण नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेतली.

कूस बदलावी, हे शास्त्र सांगते. त्यासाठी पुरेसे हात देणे हे शासनाचे व समाजाचे काम आहे.