शिंकांचा हजेरीपट

मंडळी, शिंक कोणाला येत नाही? धूळ उडाली की शिंक येते. मिरचीची फोडणी बसली की शिंक येते. त्याचे कोणी काही मनावर घेत नाही.

पण काही माणसांना वर्षातल्या ठराविक दिवसांत शिंकांची माळच लागते. एकामागून एक दहा-पंधरा शिंका येतात. नाकातून पाणी गळते. डोळे चुरचुरतात. टाळू खाजते. ताप मात्र नसतो. साधे पडसे आठवडा-दहा दिवसांत बरे होते. हे दुखणे महिना महिना रेंगाळते, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा दारात उभे राहते.

कोणी म्हणेल, शिंकांनी का माणूस मरतो? पण रात्रीची झोप जाते. ऐन सुगीत कामाचा माणूस घरी बसतो. काहींना पुढे दमाही लागतो. म्हणून हे दुखणे नीट समजून घेऊ या.

वावडे म्हणजे काय?

एखाद्याला वांगे चालत नाही. खाल्ले की अंगाला खाज सुटते. आपण म्हणतो, याला वांग्याचे वावडे आहे. डॉक्टर त्यालाच ॲलर्जी म्हणतात. तसेच काहींना परागाचे वावडे असते.

पराग म्हणजे फुलातील भुकटी. मक्याचा तुरा हातावर झटकून पाहा. पिवळी पूड पडते. तोच पराग.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे राखणदार आहेत. पराग काही रोगजंतू नव्हे. तो नाकात गेल्याने बहुतेकांना काही होत नाही. पण काहींच्या अंगातले राखणदार त्यालाच शत्रू समजतात आणि लढाई सुरू करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातला हा प्रकार. त्या लढाईमुळे नाक गळते आणि शिंका येतात.

कोणता पराग त्रास देतो?

पुष्कळांना वाटते, गुलाब किंवा जास्वंद त्रास देत असेल. पण त्यांचा पराग जड व चिकट असतो. माश्या, फुलपाखरे तो वाहून नेतात. त्रास देतो तो बहुधा वाऱ्यावर उडणारा हलका पराग. आपली साधी हरळी, इतर गवते, एरंड, वावळ यांचा पराग वाऱ्यावर जातो. त्यांची फुले आपल्या डोळ्यांत भरतही नाहीत.

गाजर गवतही त्यातलेच. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. हे मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम लक्षात आले. आता बांधावर, रस्त्याकडेला सगळीकडे माजते. त्याच्या परागाने शिंका येतात, आणि झाड अंगाला लागून काहींच्या कातडीवर खाजही उठते.

शोध कसा लागला?

इंग्लंडात गवत कापणीच्या दिवसांत पुष्कळांना असा त्रास होई. लोक म्हणत, उन्हाने होतो. मँचेस्टर शहरात चार्ल्स ब्लॅकली नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी आपल्या हाताची कातडी किंचित खरवडून तिथे गवताचा पराग लावला. तेवढीच जागा सुजली व खाजली. त्यांनी पतंगावर चिकट काचा बांधून उंच हवेतलाही पराग धरला. हे सगळे त्यांनी १८७३ साली पुस्तकात छापले. पुढे १९११ साली लंडनचे डॉक्टर लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क रोग्यांना थोडा थोडा टोचून उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. आजची तपासणी व उपचार त्याच वाटेने पुढे आले आहेत.

तपासणी कशी करतात?

हाताच्या आतल्या बाजूस निरनिराळ्या परागांच्या अर्काचे थेंब ओळीने ठेवतात. प्रत्येक थेंबातून बारीक सुईने कातडीला हलकेच टोचतात. रक्त येत नाही. मग १५ ते २० मिनिटे थांबतात. वावडे असेल तिथे, डास चावल्यावर उठते तशी गांध उठते. ती मोजतात. ३ मिलिमीटर किंवा जास्त असली तर धरतात.

दोन थेंब वेगळे असतात. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा. तिथे गांध उठता कामा नये. दुसऱ्या थेंबाखाली ती उठलीच पाहिजे. तराजूचा काटा पाहूनच माल तोलतात ना, तसे हे आहे.

शिंका थांबवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गांध दबते आणि तपासणी फसते. म्हणून कोणत्या गोळ्या घेता ते डॉक्टरांना आधी सांगा. त्या किती दिवस बंद ठेवायच्या हे ते सांगतील. दम्याचे औषध मात्र मनाने बंद करू नका. काही वेळा कातडीऐवजी रक्त तपासतात.

गांध उठली, पण तेवढ्याने भागत नाही

हा या धड्यातला मुख्य मुद्दा आहे. समजा, दोघा शेतकऱ्यांच्या हातावर हरळीच्या थेंबाखाली गांध उठली. पहिल्याला दर आश्विनात, गवत फुलावर असताना शिंका येतात. दुसरा त्याच गवतात जनावरे चारतो, पण त्याला काहीच होत नाही. मग हरळीवरचा उपचार पहिल्याला द्यावा. दुसऱ्याला त्याची गरज नाही.

आणखी एक अडचण आहे. चुलतभावांचे चेहरे सारखे असतात, तसे एका घराण्यातल्या गवतांचे परागही सारखे असतात. त्यामुळे एकाचे वावडे असले तरी चार ठिकाणी गांध उठते. त्यातला खरा त्रास देणारा कोण, हे दिवस व महिने पाहून ठरवावे लागते. रक्ताच्या काही खास तपासण्यांचीही त्यात मदत होते.

आम्ही मास्तर माणसे. हजेरीपटाशिवाय आमचे पाऊल पुढे पडत नाही. तुम्हीही शिंकांचा हजेरीपट ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. एका वहीत तारीख लिहा. शिंका कधी आल्या, घरात की रानात, आसपास काय फुलले होते, हे लिहा. वर्षभराची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवा. हातावरची गांध आणि वहीतला महिना जुळला, म्हणजे खरा त्रास देणारा सापडला.

उपचार कसा असतो?

त्याच परागाचा अर्क अगदी थोड्या मापाने टोचतात. माप हळूहळू वाढवतात. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. काही ठिकाणी जिभेखाली थेंब किंवा गोळी देतात. अंगातल्या राखणदारांना त्या परागाची सवय होते. हा उपचार ३ ते ५ वर्षे चालतो. एवढा पैसा व एवढी वर्षे चुकीच्या परागावर घालवली तर सारे पाण्यात जाते. म्हणून आधी निदान, मग उपचार.

इंजेक्शन टोचल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच बसा. क्वचित एखाद्याला अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो. तेव्हा तिथल्या तिथे औषध द्यावे लागते. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार सुरू करत नाहीत. बाजारात, जत्रेत कोणी टोचून देतो म्हणाला तर हात पुढे करू नका.

आणि एक लक्षात ठेवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर वावडे समजून बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या.

उत्तरे सांगा

१. साधे पडसे आणि परागाचे वावडे यांत फरक काय?
२. नुसती गांध उठली म्हणून उपचार का सुरू करू नये?
३. इंजेक्शन टोचल्यावर अर्धा तास का थांबावे?
४. तुमच्या बांधावर आज काय फुलावर आहे? तारीख घालून वहीत लिहा.