हॅम रेडिओतली खरखर: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

वडगाव निंबाळकरला चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर रेडिओ लावला की आधी खरखर ऐकू येते, माणसं नंतर. मग महागडा रेडिओ घ्यावासा वाटतो. घेऊ नका, तो तीच खरखर जास्त स्पष्ट ऐकवेल. पैसा घालायचा तो खरखरीच्या उगमावर आणि अँटेनाच्या जागेवर.

पहिली तपासणी फुकट. रेडिओ बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरही बंद करा. आवाज गेला तर चोर घरातच आहे: स्वस्तातला एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. एकेक वस्तू लावत गेलं की तो सापडतो. बरा बल्ब शंभर-दीडशे रुपयांत येतो.

मेन पाडूनही आवाज राहिला, तर घड्याळाकडे बघा. आपल्या ऊस-पट्ट्यात हे फार उपयोगी पडतं. शेतीची थ्री फेज लाइट आली की गुरगुर सुरू आणि गेली की बंद, असं असेल तर शेतीच्या लाइनवरचा ढिला जोड किंवा एखाद्या मोटरचा जळका स्टार्टर शोधा. सूर्यासोबत उगवणारा आणि मावळणारा आवाज बहुधा सौर पंपाच्या कंट्रोलरचा. साधारण सेकंदाला एक ‘टक’ येत असेल तर ते झटका मशीन. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेला गवत टेकलं किंवा जोड गंजला की तिथे ठिणगी उडते आणि ती रेडिओत ऐकू येते. गवत काढायला आणि जोड घट्ट करायला शेजाऱ्याशी गोड बोलण्यापलीकडे खर्च नाही. तोवर रेडिओतलं नॉइज ब्लँकरचं बटण दाबून ठेवा, असल्या टकटकीवर ते चांगलं चालतं.

उगमाची दिशा सापडवायला पाचशे ते हजार रुपयांचा खिशातला ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावून तो आडवा धरा आणि सावकाश फिरवा. आवाज सगळ्यात कमी होईल तेव्हा त्याची लांबी उगमाच्या रेषेत असते. माग विजेच्या खांबापाशी किंवा डीपीपाशी पोचला तर खांब हलवून बघू नका. खांबाचा नंबर टिपा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा.

घरातल्या वायरींसाठी फेराइट. पन्नास ते दीडशे रुपयांच्या क्लिपा सहज मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच ७ मेगाहर्ट्झला फारशा कामाच्या नसतात. त्यापेक्षा ‘मिक्स ३१’ची मोठी रिंग घ्या. हजार-दीड हजार लागतील, पण केबलचे दहा वेढे बसतात आणि परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. ही रिंग अँटेनाची केबल घरात शिरते तिथेच बसवा.

सगळ्यात जास्त फरक मात्र अंतराने पडतो. खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या, त्यामागचं एक कारण तिथली रेडिओ शांतता हेच होतं. आपल्याला जुन्नर तालुक्यात जायची गरज नाही, घरापासून पन्नास मीटर पुरे. सुमारे २० मीटर तारेचा डायपोल शेतात बांधा आणि टीव्हीची आरजी-६ केबल घरापर्यंत आणा. केबल मीटरला वीसेक रुपये धरली तर ती हजार रुपयांची, तार आणि इन्सुलेटर मिळून आणखी पाचशे-सातशे. ही केबल ७५ ओहमची असली तरी ऐकायला काही बिघडत नाही.

अँटेनाचा बूस्टर घेऊ नका, तो खरखरही तितकीच वाढवतो. आवाज गाळणारे दहा-पंधरा हजारांचे डीएसपी स्पीकर सगळ्यात शेवटी बघा.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या कडकडाटावर कुठलाच फिल्टर नाही. ढग दिसले की केबल रेडिओतून काढून घराबाहेर ठेवा.