बाळंतिणीचे मन कोण सांभाळणार?



घरात बाळंतीण असली की आपण तिच्यासाठी किती राबतो! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजेखाली शेगडी, अंगाला तेल लावायला बाई, कानात कापूस, डोक्याला फडके. बाळाची टाळू, बाळाचे नाक, बाळाचे वजन यांवर तर साऱ्या घराचे लक्ष असते. पण बाळाच्या आईला, "तुला कसे वाटते गं?" असे विचारून उत्तर ऐकायला थांबणारे माणूस बहुधा नसते. आज आपण त्याच विषयाचा अभ्यास करू या.

आपले हिवरा आश्रम पंगतीसाठी ओळखले जाते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात हजारो माणसे रांगेने बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते, आणि कोणी उपाशी उठू नये म्हणून सारा परिसर राबतो. भूक आपल्याला कळते, म्हणून आपण धावतो. मनाचे दुखणे तसे कळत नाही. ते ओळखायला शिकावे लागते.

तीन अवस्था, तीन वेगळे उपाय

पहिली अवस्था अगदी सर्वसाधारण आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आईला उगाच रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. निम्म्याहून अधिक आयांना हा अनुभव येतो. गरोदरपणात वाढलेली संप्रेरके बाळंत होताच झपाट्याने खाली येतात, त्यात अंगातली शक्ती गेलेली असते आणि झोप मोडलेली असते. हे रडू आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरते. त्याला औषध लागत नाही. झोप, पोटभर जेवण आणि मायेचा शब्द पुरतो.

दुसरी अवस्था म्हणजे नैराश्य. दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नाही. बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही. जेवण नकोसे होते, आवडती माणसे आली तरी बोलावेसे वाटत नाही. "मी चांगली आई नाही", "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे विचार फिरत राहतात. काहींना सतत धास्ती वाटते; बाळाचा श्वास चालू आहे ना, हे त्या रात्रीतून दहा वेळा पाहतात. काहींना जगणेच नको वाटते. हे दुखणे बाळंतपणानंतरच सुरू होते असे नाही. पुष्कळदा त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. म्हणजे पाच आयांमागे एक. आपल्या गावात, आपल्या ओळीत, आपल्या नात्यात अशी आई नसेल असे म्हणता येणार नाही.

तिसरी अवस्था क्वचित येते, हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना. पण ती सर्वांत धोक्याची आहे. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच आई एकाएकी बदलते. रात्र रात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, कोणावरही संशय घेते, बाळाविषयी विचित्र कल्पना करते. अशा वेळी आपल्याकडे बाहेरची बाधा म्हणून उतारा काढतात, मांत्रिकाकडे नेतात. त्यात मोलाचे दिवस जातात, आणि त्या दिवसांत आईचा किंवा बाळाचा जीव जाऊ शकतो. अशा आईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये. वेळेवर उपचार झाले तर अशा बहुतेक आया पूर्ण बऱ्या होतात.

गोव्यातील आयांनी काय सांगितले

हा शहरातल्या शिकलेल्या बायकांचा आजार आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून गोव्यात झालेला एक अभ्यास समजून घेऊ. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि डॉ. नंदिता डिसोझा यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांशी बोलून त्यांची पुढे सहा महिने विचारपूस केली. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना २५२ आया पुन्हा भेटल्या. त्यांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के आयांना, नैराश्य होते. यांतील दर चार जणींपैकी तिघींहून अधिक गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या. सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या.

कारणे कोणती? घरची गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही ठळक कारणे होती. मारहाण आणि उपासमार यांचा घाव मुलगी झाल्यावर आणखी खोल जात होता. आपले दुखणे हा एक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे या आयांना सुचलेच नव्हते. त्या आपल्या त्रासाविषयी बोलत, ते घरातल्या पैशाच्या आणि संसाराच्या अडचणी म्हणूनच.

त्याच आयांच्या बाळांविषयी २००३ साली दुसरा लेख आला. ज्यांच्या आया नैराश्यात होत्या, त्यांच्यात सहा महिन्यांच्या वयाला वजनात आणि उंचीत मागे पडलेली बाळे जास्त आढळली. बाळाला घुटी, तेल, टोपडे सगळे मिळाले, पण आईचे मन कोमेजले, तर बाळही कोमेजते. म्हणून आईच्या मनाची काळजी हा लाड समजू नये. ती बाळाचीही काळजी आहे.

मुलगी झाली म्हणून

हा मुद्दा आपल्या दाराशी येऊन थांबतो. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे नऊशे मुलीही नव्हत्या. या आकड्यामागे किती बाळंतिणींनी मान खाली घातली असेल! दुसरी मुलगी झाल्यावर पेढ्याचा पुडा येत नाही, सासरचे दवाखान्यात उशिरा येतात, "पुढच्या वेळी पाहू" असे कोणीतरी म्हणते. टाके ओले असलेली बाई हे सारे ऐकत असते. मुलगा की मुलगी हे आईच्या हाती नसते. ते वडिलांकडून येणाऱ्या बीजावर ठरते. हे विज्ञान आपल्या मुलांना शाळेत शिकवतात, मग घरात आपण ते का विसरतो?

आपल्या भागाचे आणखी एक ओझे आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. सोयाबीन-कपाशीचे पीक बुडाले, कर्ज थकले, घरात आवाज चढले, की त्याचा चटका गरोदर सुनेलाही बसतो. तिची काळजी घेताना घरातील ही ओढाताण ध्यानात ठेवावी लागते.

समुपदेशन म्हणजे काय?

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. "तू देवावर भरवसा ठेव, हसत राहा, आमच्या वेळी आम्हीही सोसले," असे सांगणे म्हणजे समुपदेशन नव्हे. त्यात आधी ऐकायचे असते.

पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी एक साधी पद्धत तयार केली. तेथील आरोग्यसेविका, आपल्या आशाताईंसारख्याच, गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या घरी जात. मनाला खाली ओढणारा विचार कोणता हे ओळखायचे, त्याच्या जागी उपयोगी पडणारा विचार शोधायचा, आणि तो रोजच्या छोट्या कामातून रुजवायचा, अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरी तीन बाबतीत: आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळ यांचे नाते, आणि आईभोवतीची माणसे. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशा भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के होते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका सर्व देशांसाठी काढली.

गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने पुढे हेच काम गावातल्या साध्या आयांवर सोपवून पाहिले. त्यांना 'सखी' म्हणत. २८० गरोदर स्त्रिया त्या अभ्यासात होत्या आणि २०१९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सखी भेटलेल्या गटात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या आयांचे प्रमाण जास्त होते. फरक फार मोठा नव्हता, पण तो शेजारच्या बाईने घडवून आणला होता, हे महत्त्वाचे.

सखीचे बोलणे कसे असते? समजा आई म्हणाली, "बाळ सारखे रडते, मला काही जमत नाही." सखी तिला, "असे बोलू नये," म्हणत नाही. ती विचारते, "काल बाळ कधी शांत झाले होते?" आई आठवून सांगते, "संध्याकाळी, ओट्यावर घेऊन बसले तेव्हा." "मग काहीतरी जमलेच की! उद्या पुन्हा तेवढेच करून पाहाल का? आणि तेवढा वेळ सासूबाईंना चूल बघायला सांगू या का?" एका विचाराची गाठ सुटली, एक छोटे काम ठरले, घरातले एक माणूस मदतीला आले. एवढ्यानेही मनाला उभारी येते.

नैराश्य जास्त असेल तर समुपदेशनाबरोबर औषध लागते. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे आहेत. निवड डॉक्टरांनी करायची. आधीपासून मनाच्या आजाराची गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस गेल्याचे कळताच ती आपल्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या गरोदरपणात बदलाव्या लागतात, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटावे. रक्त कमी असणे आणि थायरॉइडचा बिघाड यांनीही असाच थकवा येतो; त्यांची तपासणी करून घ्यावी.

श्रद्धा कमी पडली का?

काही भगिनींना वाटते की, देवाने बाळ दिले आणि तरी आपल्याला आनंद होत नाही, म्हणजे आपले काही पाप असावे. तसे मुळीच नाही. मधुमेह हे जसे पाप नाही, तसे नैराश्यही नाही. प्रार्थना जरूर करावी आणि डॉक्टरांकडेही जावे; दोन्हींत विरोध नाही. पवित्र मरिया आपल्या गरोदर नातलग एलिझाबेथकडे डोंगराळ प्रदेशात गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. तिने तेथे कोणते काम केले, कोणता सल्ला दिला, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ती राहिली, एवढेच लिहिले आहे.

मदत कुठे मिळते?

आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. नवजात बाळाची ही घरपोच काळजी आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली. त्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेविषयी आणि मनाविषयीही बोलावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तेथेही मनातले सांगता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून मिळते. 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. तातडीच्या वेळी १०८ ला रुग्णवाहिका बोलवावी.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे, आईला मानसिक रुग्णालयात दाखल करावे लागले तर तीन वर्षांखालील मुलाला सहसा तिच्यापासून वेगळे करता येत नाही. "दवाखान्यात नेले तर बाळ काढून घेतील," ही भीती मनातून काढून टाकावी.

घरच्यांसाठी चार गोष्टी

१. रात्रीतून सलग चार-पाच तास आईला झोप मिळेल अशी पाळी लावा. पाजून झाल्यावर बाळाला वडिलांनी किंवा आजीने घ्यावे.

२. पहिले बाळंतपण माहेरी झाले तरी वडिलांनी आठवड्यातून एकदा जावे, आणि बाळाआधी बायकोची विचारपूस करावी.

३. "शेजारणीने दोन मुले एकटीने वाढवली," अशी तुलना करू नये.

४. "मला मरावेसे वाटते," असे आई म्हणाली तर ते रागाचे बोलणे समजू नये. केरळात मातामृत्यूंची तपासणी झाली तेव्हा आत्महत्या हे एक मोठे कारण म्हणून पुढे आले. तिला स्पष्ट विचारा, जवळ बसा, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. बोलायला माणूस मिळाले म्हणून ओझे हलके होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात शेवटचे बाळंतपण झाले तेव्हा आईला रात्री किती झोप मिळत होती? ते कोणाला माहीत होते का?

२. मुलगी झाली तेव्हा आपण आईशी काय बोललो?

३. गर्भपात झालेल्या किंवा बाळ गमावलेल्या भगिनीकडे आपण जातो का, की "काय बोलावे" या विचाराने टाळतो?

४. आपल्या धर्मग्रामात सध्या कोण गरोदर आहे, कोण बाळंतीण आहे? त्यांच्यापैकी एकीच्या घरी येत्या आठवड्यात कोण जाईल? जाताना बाळाला झबले नेले नाही तरी चालेल. एक वेळचा डबा न्यावा, तासभर बाळ सांभाळावे, आणि आईला झोपू द्यावे.