आडात असेल तेच पोहऱ्यात येईल

चि. मानसी हिस,



आत्याच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून तू छोटी फिल्म करणार, हे वाचून बरं वाटलं. ‘चित्र अगदीच खराब आहे, सुधारायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं तू विचारतेस. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा आहे. आधी कॅसेटमधलं चित्र संगणकात कसं उतरवायचं ते ठरव. उतरवताना जे निसटलं ते पुढे कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. फार तर त्या जागी दुसरं काहीतरी बसवतं.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी असतात, पण व्हीएचएसवर प्रत्येक ओळीत तपशील फार थोडा मावतो. त्यामुळे आहे तेवढा जपायला हवा. पिवळ्या पिनेच्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र येतात, मग शालूच्या काठावर रंगीत ठिपके वळवळतात. एस-व्हिडिओची सोय असलेला व्हीसीआर मिळाला तर दोन्ही वेगळे राहतात. मंडपाचा सरळ खांब नागमोडी दिसतो, कारण जुन्या टेपवरून प्रत्येक ओळ किंचित लवकर किंवा उशिरा निघते. ती ओळीत आणण्याचं काम टाइम बेस करेक्टर उतरवतानाच करतो. नंतर ते जवळपास अशक्य होतं. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समज आणि साफ केल्याशिवाय कॅसेट लावू नकोस, नाहीतर व्हीसीआरचं हेडही खराब होईल. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर मिळत नाही. आहे ते यंत्र जपून वापरायला हवं.

तू म्हणशील, एवढ्या खराब चित्रासाठी भारी फाइल कशाला? ७२० गुणिले ५७६ आकाराचं, अजिबात न दाबलेलं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी जागा घेतं, हे खरं. पण एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस कोडेकमध्ये काहीही न गमावता ही जागा बरीच कमी होते. उलट खराब चित्रालाच चांगली फाइल लागते. टेपचा खरखरीतपणा प्रत्येक फ्रेमला बदलतो. फाइल लहान करू पाहणारा कोडेक त्यातच दमतो आणि चेहऱ्यावर चौकोन उमटवतो. शिवाय ही टेप सेकंदाला ५० अर्धचित्रं देते. अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडा दातेरी दिसल्या तर अर्धी चित्रं फेकू नकोस. क्यूटीजीएमसी या फिल्टरने त्यांची ५० पूर्ण चित्रं करून घे, हालचाल लोण्यासारखी मऊ राहील.

दुसरा आक्षेप एआयचा. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’मध्ये पहिल्या महायुद्धातली दृश्यं जिवंत केली, मग एआयने आपल्याला का जमू नये? फरक असा की ती दृश्यं फिल्मवर होती. शंभर वर्षं जुनी असली तरी फिल्मवर व्हीएचएसपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. तो साफ करून वर आणता येतो. तुझ्या कॅसेटमध्ये पंगतीच्या टोकाला बसलेल्या आजोबांचा चेहरा काही डझन ठिपक्यांचा आहे. एआय तिथे रेखीव डोळे काढील, पण ते आजोबांचे नसतील. अनोळखी माणसाला ते चालून जाईल. घरच्यांसाठी मात्र ती फिल्म आजोबांच्याच चेहऱ्यासाठी आहे.

म्हणून सुधारणा करायच्याच नाहीत असं नाही. रंगाचा तोल सावर, खरखर थोडी कमी कर, तळाशी थरथरणारी पट्टी झाक. हे सगळं प्रतीवर कर, मूळ फाइलला हात लावू नकोस. उद्या याहून चांगलं साधन आलं तर त्याला मूळ लागेल आणि टेप तोवर टिकेलच याची खात्री नाही. तेव्हा सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी चांगला व्हीसीआर शोध, मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेव आणि मगच एडिटिंगला बस.

तुझा,
काका