पाव : हाताचा आणि यंत्राचा

‘पाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. गोमंतकातील पाव करणारा, म्हणजे ‘पोदेर’, पूर्वी पीठ आंबविण्यासाठी माडाची सूर वापरीत असे. आज बहुतेक ठिकाणी तिची जागा यीस्टने घेतली आहे.

साधन बदलले तरी तत्त्व एकच. पीठ मळल्याने गव्हातील प्रथिनांचे चिवट जाळे बनते. यीस्ट हा सूक्ष्म जीव साखरेपासून कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करतो. तो जाळ्यात अडकला की पीठ फुगते.

१९८६-८७ च्या सुमारास जपानमध्ये घरगुती पावयंत्रे विक्रीस आली. एकाच भांड्यात मळणे, आंबविणे व भाजणे ही तिन्ही कामे ते सुमारे तीन-चार तासांत करते. ज्यांच्या हातांत बळ नाही किंवा ज्यांना सवड नाही, त्यांना हा मोठाच आधार होय.

परंतु यंत्र घड्याळाप्रमाणे चालते, आणि पीठ ऋतूप्रमाणे. ग्वाल्हेरच्या पौषातील गारठ्यात यंत्र पिठाला ऊब देईल. वैशाखात तापलेली खोली मात्र ते गार करू शकत नाही. तेव्हा पाणी थंड घ्यावे, यीस्ट कमी घालावे, हे माणसानेच ठरवावे लागते. शिवाय यंत्रातून एका वेळी एकच पाव निघतो; पोदेराच्या भट्टीतून उंडे, पोळी, काकणे असे नाना प्रकार निघतात.

म्हणून यंत्र त्याज्य नव्हे. पण निदान एकदा तरी पीठ स्वहस्ते मळून पाहावे. पिठाची पारख ज्याला आली, त्यालाच यंत्राचा खरा उपयोग करता येईल.