दुकानातून उठायची तारीख ठरवलीय का?

आजचा धडा दुकान सुरू करण्याचा नाही, दुकानातून उठण्याचा आहे. 'सर, अजून शटर उघडलं नाही आणि रिटायरमेंट?' हो, म्हणूनच आत्ता.

केरी फ्रेझर हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलं नसेल. कॅनडाचा माणूस, एनएचएल या आईस हॉकी लीगचा पंच. 1980 पासून 30 हंगाम, नुसते साखळी सामनेच 1,904. कित्येक वर्षं हा हेल्मेट न घालता, केस चापूनचोपून बसवून बर्फावर उतरायचा. लोक त्याच्या निर्णयांइतकेच केसांवर बोलायचे!

2010 मध्ये 57 व्या वर्षी तो थांबला. हा हंगाम शेवटचा, हे आधीच ठरलेलं होतं. आणि शेवटचा सामना बघा: 11 एप्रिल, फिलाडेल्फिया विरुद्ध न्यूयॉर्क रेंजर्स. जिंकेल तो पुढच्या फेरीत, हरेल तो घरी. निकाल थेट शूटआउटमध्ये लागला. म्हणजे हार घालून कोपऱ्यात बसवलेला हा माणूस नव्हता. पूर्ण जबाबदारीचं काम करता करता थांबला.

पुढे काय? त्याच वर्षी पुस्तक आलं. मग टीएसएन या क्रीडा वाहिनीसाठी, पंच निर्णय कसा घेतो ते सांगणारे लेख. 1993 च्या प्लेऑफमध्ये वेन ग्रेट्झकीची स्टिक डग गिल्मोरच्या हनुवटीला लागली आणि फ्रेझरने पेनल्टी दिली नाही. थोड्याच वेळात ग्रेट्झकीनेच विजयी गोल मारला. टोरंटोवाले अजून विसरलेले नाहीत. ते आपल्या नजरेतून सुटलं, हे त्याने नंतर उघड मान्य केलं. चुकांसकट सगळा अनुभव हाच त्याचा पुढचा माल झाला.

आता आमच्या दुकानाचं सांगतो. बाबांनी तारीख कधी ठरवलीच नाही. एके दिवशी गुडघ्याने ठरवली. ऑपरेशन झालं, मी गल्ल्यावर बसलो तर अर्धी उधारी वहीत, अर्धी बाबांच्या डोक्यात! घाऊक व्यापारी फोनवर विचारायचे, 'तुम्ही कोण?' दोन महिने मी हॉस्पिटलच्या खाटेजवळ बसून नावं उतरवत होतो. काही पैसे बुडाले. त्यापेक्षा वाईट म्हणजे, ज्यांनी आधीच दिले होते अशा दोघांना मी पुन्हा मागितले. त्यातलं एक गिऱ्हाईक परत आलं नाही.

म्हणून हे करा. वहीच्या पहिल्या पानावर वर्ष लिहा: या वर्षापर्यंत रोजचा गल्ला दुसरा कोणीतरी सांभाळेल. खाली त्याचं नाव. नाव सुचत नसेल तर पान कोरं ठेवा, पण फाडू नका. आणि आठवड्यातला एक दिवस आत्तापासूनच त्याला एकट्याला बसू द्या. चुकेल. चुकू दे.

बाबा आता अकराला येतात, जुन्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, एकला जेवायला घरी. माझं वर्ष मी 2045 लिहिलंय. बायकोने पान पाहिलं आणि विचारलं, 'मग मला बिलिंग कधी शिकवताय?'