दातांची कीड : काही शंका व त्यांचे समाधान

धान्याच्या व्यापारात आयुष्य गेल्यामुळे ‘कीड’ या शब्दाशी आमचा जुना परिचय आहे. गव्हातील सोंडा किंवा कडधान्यातील भुंगेरा डोळ्यांना दिसतो. माल उन्हात घातला, चाळला की निघतो. दाताला कीड लागली असे ऐकताच आपली समजूत तशीच होते. परंतु दातात असा किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कठीण आवरण विरघळते. म्हणून धुरी देऊन किडा पाडून दाखविणाऱ्यांपासून सावध राहावे. सभासद बंधुभगिनींच्या मनात नेहमी येणाऱ्या काही शंकांचा विचार येथे करीत आहोत.

‘लवंगेच्या तेलाने कळ थांबली, मग दवाखाना कशाला?’ हे तेल वेदना काही काळ बधिर करते, रोग बरा करीत नाही. तीव्र कळ आपोआप थांबली, तर ती अधिकच काळजीची गोष्ट होय. आतील नस मेली की दुखणे थांबते, परंतु जंतू मुळापर्यंत उतरून तेथे पू धरतो व हाड झिजते. सावकाराचा तगादा थांबला म्हणून कर्ज फिटले, असे कोणता व्यापारी मानील?

‘असा दात काढावाच लागतो काय?’ प्रत्येक वेळी नाही. कीड वरवर असेल तर दात भरून भागते. ती नसेपर्यंत पोहोचली असेल तर रूट कॅनाल करतात. म्हणजे आतील नस काढून, मुळांच्या नळ्या स्वच्छ करून त्या भरतात व दाढेवर बहुधा टोपी बसवितात. जितका उशीर, तितका खर्च व त्रास अधिक. वरचा दात काढल्याने दृष्टी अधू होते, ही भीती मात्र निराधार आहे.

‘दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात ना?’ दात हलतात ते कीटणामुळे हिरड्या व हाड झिजल्याने. कीटण निघाल्यावर आधीच पडलेल्या फटी उघड्या होतात, एवढेच.

‘दुधाचे दात पडणारच, त्यांची चिंता कशाला?’ ते पुढील दातांची जागा राखतात, म्हणून त्यांचीही निगा हवी. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. ती कायमची असते. दुधाची समजून तिची हेळसांड झाली आणि ती गेली, तर पुन्हा येत नाही.

‘तंबाखू नको, पण नुसती सुपारी चालेल ना?’ पेढीवर आलेल्या पाहुण्यापुढे आपण सुपारी ठेवतो. परंतु तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट असह्य होणे, आत पांढरा चट्टा पडणे, दोन आठवड्यांत जखम न भरणे, यांपैकी काहीही दिसताच तपासणी करावी. मशेरी हीही तंबाखूच होय.

नित्य उपाय साधे आहेत. फ्लोराइडयुक्त पेस्टने रोज दोनदा, दोन मिनिटे दात घासावेत. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्यांनी सायंकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच ते घासावेत. पुढे सकाळपर्यंत तोंडात काही जात नसल्याने हेतू साधतो. दुखत नसले तरी, वखारीतील माल आपण वर्षाकाठी तपासतो त्याप्रमाणे, निदान एकदा दात दाखवावेत. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास दंतवैद्यांस आधी सांगावे. ते औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.